कोल्हापूरहून एका दिवसात राजापूरची कातळशिल्पं: उन्हाच्या कोनावर आखलेली सहल

महाराष्ट्रातली शिलावर्तुळं पाहायची तर विदर्भ गाठावा लागतो. नागपूरजवळच्या जुनापाणीला मोठमोठ्या दगडांची जवळपास तीनशे वर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांनी ती आपल्या मृतांच्या दफनांभोवती रचली. पण कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघालं तर नागपूर यायला चोवीस तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे ते एका दिवसाचं काम नाही. पहाटे निघून रात्री घरी जेवायला परत यायचं असेल, तर आपल्या आवाक्यातली प्रागैतिहासिक जागा घाटाखाली आहे: राजापूर तालुक्यातल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरची, कातळशिल्पं.

युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं गेली. त्यांतली पाच एकट्या राजापूर तालुक्यात आहेत: बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढे तळी आणि कशेळी. उरलेल्यांपैकी उक्षी आणि जांभरूण रत्नागिरी तालुक्यात, कुडोपी सिंधुदुर्गात आणि फणसमाळ गोव्यात. म्हणजे जगाच्या यादीवर जाऊ पाहणाऱ्या वारशाचा अर्ध्याहून जास्त भाग कोल्हापूरपासून तीन-साडेतीन तासांवर आहे.

तरीही तिथं जाऊन "काही दिसलंच नाही" म्हणत परतणारे लोक भेटतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं, ते दुपारी बारा वाजता पोचलेले असतात. ही चित्रं म्हणजे सपाट कातळात खोदलेल्या उथळ चरांच्या रेषा. सूर्य डोक्यावर असताना चराच्या तळालाही ऊन लागतं आणि काठालाही. सावली पडतच नाही, रेष कातळात विरून जाते. तेच चित्र सकाळी किंवा कलत्या दुपारी पाहा, चराचा एक काठ सावली धरतो आणि आकृती उभी राहते. म्हणून या सहलीची आखणी किलोमीटरवर करू नका, उन्हाच्या कोनावर करा. पुढचं सगळं वेळापत्रक त्याच हिशेबानं दिलं आहे.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोकणात हवा बरी असते हे एक कारण झालंच, पण त्याहून मोठं कारण सूर्याचं आहे. राजापूर साधारण साडेसोळा अक्षांशावर येतं. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथं भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांच्या वर जात नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात तो नेमका डोक्यावर येतो. त्यामुळे थंडीत तिरक्या उन्हाचे तास जास्त मिळतात, आणि उन्हाळ्यात ते फार लवकर संपतात. शिवाय मार्चनंतर सड्यावरचा कातळ असा तापतो की दहानंतर मुलांना आणि वयस्कर माणसांना तिथं नेऊ नये.

पावसाळ्यात सडा फार सुंदर असतो. ऑगस्ट-सप्टेंबरला बारक्या रानफुलांचे ताटवे फुलतात, खळग्यांत पाणी साचतं. पण चित्रांच्या चरांतही पाणी, शेवाळ आणि गवत असतं, पाय घसरतो, आणि अणुस्कुरा घाटात दरडी येतात. फुलांसाठी जायचं तर वेगळी सहल करा. ऑक्टोबरातही वाढलेलं गवत पुरतं वाळलेलं नसतं, तेव्हा दिवाळी होऊ द्या.

ऊन योग्य आहे का, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. स्वतःची सावली बघा. ती तुमच्या उंचीच्या दुप्पट किंवा त्याहून लांब असेल तर चित्रं दिसतील. डिसेंबरात ही स्थिती सकाळी सव्वानऊपर्यंत टिकते आणि दुपारी चारच्या सुमाराला पुन्हा येते. सूर्यास्त सहा-सव्वासहाला. म्हणजे हातात दोन खिडक्या आहेत, सकाळी तासभर आणि संध्याकाळी दोन तास. सकाळची पकडायची तर पाचच्या आत कोल्हापूर सोडायला हवं.

आदल्या आठवड्यात करायची तयारी

एक सकाळ टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात घालवा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केलं, त्यातून आणि त्या परिसरातून मिळालेल्या वस्तूंमुळे सातवाहन काळातलं कोल्हापूर डोळ्यांसमोर येतं. समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती ब्रह्मपुरीचीच. रोमन जगाशी आपला व्यापार चालत होता त्याची ही खूण. ते सगळं साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. ब्रह्मपुरीला मातीचे थर होते, नाणी होती, खापरं होती, म्हणून काळ सांगता आला. सड्यावर यातलं काहीच नसतं. उघडा कातळ, त्यात रेष, आणि रेषेवर माती टिकत नाही. हा फरक डोक्यात ठेवून गेलात तर कातळशिल्पांच्या वयाबद्दल अभ्यासक जपून का बोलतात, ते आपोआप कळेल.

दुसरं, जमलं तर मसाई पठारावर एक फेरी मारा. पन्हाळ्याच्या पलीकडचं हे पठार जांभ्याचं आहे आणि कोकणातला सडाही जांभ्याचाच. भरपूर पाऊस आणि उष्णता यांनी मूळ खडक झिजतो, त्यातली सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहतात आणि वरचा थर वाळून टणक होतो. हा खडक भोकाभोकांचा असतो. मसाईवर थोडा वेळ खाली बघत चाला. पाण्यानं पडलेल्या खळग्याची कड कशी ओबडधोबड असते आणि भेग कशी वेडीवाकडी धावते, हे नजरेत बसू द्या. मग बारसूला एकसारख्या रुंदीची, वळण घेऊन पुन्हा स्वतःला येऊन मिळणारी रेष दिसली की ती निसर्गाची नाही हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.

गुगल मॅप्सवर बारसू, कशेळी आणि देवाचे गोठणे इथल्या खुणा "जिओग्लिफ" किंवा "पेट्रोग्लिफ" या शब्दांनी शोधल्या की सापडतात. घरूनच त्या जतन करून नकाशा डाउनलोड करून ठेवा, सड्यावर रेंजचा भरवसा नसतो.

सामान

पाणी माणशी तीन लिटर, कारण सड्यावर झाड नाही आणि विहीरही नाही. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि घोट्यापर्यंत येणारे बूट. बुटांचा आग्रह फुरशासाठी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले जांभ्याचे सडे हे या सापाचं घर. तो लहान असतो, कातळाच्या रंगात मिसळतो आणि दगडाखाली बसतो. त्यामुळे बसण्याआधी जागा नीट बघायची आणि हौसेनं दगड उलटून पाहायचे नाहीत. चावलाच तर कापणं, बांधणं, चोखणं यांत वेळ घालवू नका. माणसाला शांत ठेवून थेट राजापूरचं ग्रामीण रुग्णालय गाठा.

यांखेरीज एक मोठी काळी छत्री, हातात मावेल एवढा आरसा, साधं होकायंत्र, मीटरचा टेप, चौकटीची वही आणि पेन्सिल. छत्री आणि आरसा कशाला ते पुढं येईल. एक मऊ ब्रशही घ्यावा असं काही जण सुचवतात, मी म्हणेन घेऊ नका. हातात ब्रश असला की माणूस चर साफ करायला बसतो, आणि ते आपलं काम नाही.

न्याहारीला घरची भाकरी आणि खर्डा बांधून घ्या. पहाटे वाटेत फारसं काही उघडं नसतं.

रस्ता

अणुस्कुरा घाटानं जा. राजापूर बंदरातून देशावर माल यायचा तो याच घाटवाटेनं. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर तोफा डागायला राजापूरच्या वखारीतले इंग्रज आले होते, आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर स्वारी करून त्याचा हिशेब चुकता केला. कोल्हापूर आणि राजापूर यांचं नातं असं जुनं आहे.

घाटमाथ्यावर पोचायला दोन रस्ते. रत्नागिरी महामार्गानं बांबवडे, मलकापूर आणि तिथून डावीकडे अणुस्कुऱ्याला जाणारा रस्ता सरळ आणि पहाटेच्या अंधारात जास्त निर्धास्त. दुसरा कळे, बाजारभोगाव, करंजफेण असा. हा निसर्गरम्य आहे, पण अरुंद आहे आणि जंगलातून जातो. पहाटे गव्यांचे कळप रस्त्यावर उभे असतात. गवा दिसला तर लांबच थांबा, दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका, तो त्याच्या वेळेनं जाईल. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मलकापूरचाच रस्ता धरावा. पेट्रोल कोल्हापुरातच पूर्ण भरून घ्या.

घाटात थंडीच्या दिवसांत दाट धुकं असू शकतं. तसं असेल तर वीसएक मिनिटं उशीर झाला तरी चालेल, घाई करू नका. उतरलं की येरडव, पाचल आणि पुढं ओणीला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. तिथून दक्षिणेला राजापूर. घाट बंद असेल तर गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरून खारेपाटणमार्गे राजापूरला वर यायचं, पण मग सकाळची खिडकी हुकते आणि बारसूही संध्याकाळवर ढकलावं लागतं.

एसटीनं राजापूरपर्यंत येता येतं. पुढं मात्र सडे विखुरलेले आहेत, दिवसभराची रिक्षा ठरवावी लागते. चार-पाच जण असाल तर स्वतःची गाडी परवडते.

सकाळ: बारसू

राजापूर शहरात न थांबता थेट बारसूच्या सड्यावर जा. साडेआठला पोचलात तर सूर्य क्षितिजाच्या वर वीसएक अंशांवर असतो. यापेक्षा चांगलं ऊन मिळत नाही.

बारसूला सगळी चित्रं एका जागी नाहीत. सडा मोठा आहे आणि आकृत्या गटागटानं विखुरलेल्या. म्हणून पहिलं काम म्हणजे वस्तीत गाडी थांबवून विचारायचं. "काका, कातळावरची चित्रं कुठल्या बाजूला?" एवढं विचारलंत की कुणीतरी दिशा दाखवतं, कधी सोबतही येतं. सोबत आलेल्या माणसाला त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि ते निघतानाच ठरवून घ्या म्हणजे दोन्ही बाजूंना संकोच राहत नाही. या गावांनी रिफायनरीच्या वादात बरंच सोसलं आहे, २०२३ साली इथं मोठं आंदोलन झालं. परक्या गाडीकडे संशयानं पाहिलं गेलं तर वाईट वाटून घेऊ नका. कोल्हापूरहून चित्रं बघायला आलोय, असं साधेपणानं सांगा. सड्याची बरीचशी जमीन खाजगी आहे. गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, दिसला तर परवानगीशिवाय ओलांडायचा नाही, आंब्याच्या कलमांत तर मुळीच शिरायचं नाही.

बारसूचं सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे मधे उभा माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वाघ. दोन हिंस्र पशूंना दोन हातांनी थोपवणारा माणूस सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर दिसतो, पश्चिम आशियातही दिसतो, म्हणून अभ्यासकांचं लक्ष या आकृतीवर आहे. तिच्यासमोर गेल्यावर लगेच फोन काढू नका. आधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारा.

ही फेरी का, ते सांगतो. ऊन ज्या दिशेनं येतं त्या दिशेला समांतर जाणाऱ्या चरात सावली पडत नाही. आडव्या जाणाऱ्या चरात ती भरपूर पडते. त्यामुळे एकाच वेळी एकाच चित्रातल्या काही रेषा ठसठशीत दिसतात आणि काही गायब असतात. सूर्याकडे तोंड करून उभे राहिलात तर चराचा सावलीतला काठ तुमच्या समोर येतो आणि आकृती सर्वांत स्पष्ट दिसते. सूर्य पाठीशी घेतलात की ती पुसट होते. म्हणजे फोटोच्या आपल्या नेहमीच्या सवयीच्या नेमकं उलट. खाली बसा, नजर कातळाच्या पातळीजवळ आणा, मग सावकाश उठा. एखाद्या वाघाच्या पाठीची रेष आधी हाताला लागेल अशी खोल दिसते, पुढं मानेजवळ उथळ होते, तिथं जांभ्याचं एक भोक मधेच येतं, रेष त्याला वळसा न घालता पलीकडे पुन्हा सुरू होते, आणि मग जबड्याचं टोक. कोरणाऱ्यानं खडकाच्या खोडीसाठी हात थांबवला नाही. हे दिसायला पाच मिनिटं लागतात, पण दिसल्यावर माणूस तिथून हलत नाही.

वहीत रेखाटन करा. चित्र वाईट आलं तरी हरकत नाही. काढताना प्रत्येक रेष कुठून कुठं जाते हे पाहावंच लागतं, आणि फोटो काढताना ते पाहिलं जात नाही. टेपनं लांबी-रुंदी घेताना टेप चराच्या बाहेरून धरा.

इथले नियम थोडे आहेत आणि त्यांना अपवाद नाही. रेषांवर पाय द्यायचा नाही, जांभ्याची कड चिरडते आणि तुटलेली कड पुन्हा येत नाही. खडू, चुना, रांगोळी, रंग काहीही रेषेत भरायचं नाही. फोटो छान येतो म्हणून खडू फिरवणारे लोक आहेत. त्यांनी ज्या रेषा चुकीच्या समजून रंगवल्या त्या पुढच्या माणसाला तशाच दिसत राहतात. पाणी ओतून रेष उठवायचाही प्रयत्न करू नका. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. वरून फोटो हवा असेल तर फोन लांब काठीला लावून टायमरनं काढता येतो आणि तो पुरेसा असतो.

उशिरा सकाळी: देवाचे गोठणे

बारसूहून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत देवाचे गोठणे येतं. गावात भार्गवरामाचं देऊळ आहे, वरच्या सड्यावर एकच एक मानवाकृती. इथं पोचेपर्यंत दहा वाजून गेलेले असतील, म्हणून छत्री आणि आरसा आता बाहेर काढा. एकानं छत्रीनं चित्राच्या एका भागावर पूर्ण सावली धरायची. दुसऱ्यानं थोड्या अंतरावर खाली बसून आरशानं उन्हाचा झोत त्या सावलीत कातळाला जवळजवळ घासून जाईल असा सोडायचा. भर दुपारी तुम्ही सकाळचं ऊन तयार केलेलं असतं. आरसा हळूहळू बाजूला नेत गेलात की एकेक रेष जागी होते. मुलांना हे काम द्या. एकदा जमलं की ती आरसा सोडत नाहीत.

या जागेचं दुसरं वैशिष्ट्य होकायंत्रानं पाहायचं. आकृतीच्या जवळ आणल्यावर सुई उत्तरेपासून ढळते. चाचणी नीट करायची तर आधी वीस-तीस पावलं लांब उभं राहून उत्तर नोंदवा, मग होकायंत्र जमिनीवर टेकवत आकृतीच्या वेगवेगळ्या भागांजवळ न्या आणि दर ठिकाणी कोन वहीत लिहा. फोन, किल्ल्या, कमरेचा पट्टा लांब ठेवा, नाहीतर सुई त्यांनाच भुलेल. फोनमधलं होकायंत्र यासाठी भरवशाचं नाही. जांभ्यात लोहखनिज भरपूर असतं, आणि वीज कोसळलेला लोहयुक्त खडक कायमचा चुंबकीय होऊ शकतो, हे भूशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. इथं "ऊर्जा" आहे वगैरे ऐकायला मिळेल. ऐकून घ्या आणि सुईचे कोन मोजा.

भर दुपारी

अकरा ते तीन सड्यावर थांबू नका. राजापूरला या, खानावळीत मासे-भात किंवा शाकाहारी ताट आणि सोलकढी घ्या. जेवणाआधी उन्हाळे गावचे गरम पाण्याचे झरे किंवा धोपेश्वरचं धूतपापेश्वर मंदिर, यांपैकी एकच करा. राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधूनच वाहणारे इथले झरे, आली असल्याची बातमी असेल तर तिथं गर्दी असते, मग वेळेचं गणित सांभाळा. जेवून गाडीत तासभर झोप काढली तर सर्वांत चांगलं, कारण परतीचा घाट अंधारात आहे.

किती जुनी, आणि कोणाची

जेवणानंतर गप्पांत हा प्रश्न येणारच. काही गावांत लोक या आकृत्यांना पांडवांची चित्रं म्हणतात. रत्नागिरीजवळ निवळीचं कातळशिल्प नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी हिवाळे आणि कुडोपीची चित्रं उजेडात आणली. पुढं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायी फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून शेकडो आकृत्या नोंदवल्या. राज्य पुरातत्त्व विभागानं डॉ. तेजस गर्गे यांच्या काळात हे काम पुढं नेलं. हौशी माणसांच्या पायपिटीतून उभा राहिलेला हा वारसा आहे, आणि मला ती गोष्ट चित्रांइतकीच मोलाची वाटते.

वयाबद्दल अभ्यासक मध्याश्मयुगापर्यंत, दहा-बारा हजार वर्षं मागे जातात, पण यावर एकमत नाही. उघड्या खडकातल्या रेषेला कोळशाचा तुकडा चिकटलेला नसतो, त्यामुळे कार्बन पद्धत थेट वापरता येत नाही. युक्तिवाद चित्रांमधूनच होतो. शेतीचं, नांगराचं, धान्याचं चित्र नाही. शिकारीचे प्राणी आहेत, मासे आहेत, पक्षी आहेत. कुठं कुठं गेंडा आणि पाणघोडा ओळखता येतो, आणि हे प्राणी कोकणात आज नाहीत. कोरणाऱ्यांनी ते पाहिले असतील तर तेव्हाची हवा आणि पाणथळ जागा वेगळ्या होत्या. सोबतच्या मुलांना हा युक्तिवाद सांगून बघा, त्यांना तो आवडतो, आणि ती त्याच्यातल्या फटीही शोधतात.

संध्याकाळ: कशेळी

अडीच-पावणेतीनला राजापूर सोडा. आडिवऱ्याच्या रस्त्यावर देवीहसोळ लागतं, तिथं आर्यादुर्गेच्या देवळाजवळचं चौकोनी, नक्षीसारख्या रेषांचं कातळशिल्प वीस मिनिटांत पाहून होतं. ऊन अजून वर असेल, आरसा वापरा. वेळ कमी असेल तर देवीहसोळ सोडा, कशेळी सोडू नका.

आडिवरे ओलांडून कशेळीच्या सड्यावर चारच्या सुमाराला पोचायचं. इथला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, या नऊ ठिकाणांतली सर्वांत मोठी आकृती. एवढा मोठा की जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही. पायाजवळ नुसती एक लांब रेष असते. म्हणून आधी बाह्यरेषेच्या बाहेरून चाला, आणि चालताना एकाला सोंडेपाशी, एकाला शेपटीपाशी, एकाला पायांपाशी उभं करत जा. चार-पाच माणसं जागेवर उभी राहिली की सगळ्यांना एकदम हत्ती उमगतो. मग आत बघा. हत्तीच्या पोटात आणि भोवती डझनावारी लहान आकृत्या आहेत: मासे, त्यांत शार्क आणि पाकट, पक्षी, चार पायांचे प्राणी. समुद्र इथून जवळच आहे, कोरणाऱ्याला पाकटाचा आकार पाठ होता. शेपटीची बारीक रेष पाहा, म्हणजे पटेल.

चार ते साडेपाच हा वेळ पूर्ण इथं द्या. दर अर्ध्या तासानं त्याच जागेवरून एक फोटो काढत राहा. साडेचारला न दिसणारी आकृती सव्वापाचला दिसते. घरी गेल्यावर हे फोटो एकाखाली एक लावले की ऊन काय करतं ते समजतं, आणि पुढच्या वेळी कुठं कधी उभं राहायचं तेही ठरवता येतं.

उजेड मावळायच्या आत कनकादित्याच्या देवळात जाऊन या. सूर्याचं हे जुनं देवस्थान, माघात रथसप्तमीला मोठा उत्सव असतो. कोल्हापूरकरांसाठी इथं आणखी एक धागा आहे: पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे ११९१ सालचा ताम्रपट कशेळीचा आहे. आठशे वर्षांपूर्वी पन्हाळ्यावरून या गावाचा कारभार चालत होता, आणि हत्ती त्याच्याही कितीतरी आधीपासून सड्यावर होता.

परत येताना

साडेसहाला निघा. आलात तसंच ओणी, पाचल, अणुस्कुरा धरलंत तर दहाच्या सुमाराला कोल्हापूर. गाडी चालवणारा थकला असेल किंवा घाटात धुकं असल्याचं पाचलला कळलं तर तो नाद सोडा, रत्नागिरीच्या बाजूनं आंबा घाटाचा रस्ता लांब असला तरी रुंद आणि वर्दळीचा आहे. कशेळीहूनच हा निर्णय घेतलात तर पावसमार्गे वर जाऊन थेट त्या महामार्गाला लागता येतं.

एखादे वेळी फिरता फिरता नोंद नसलेली आकृती तुमच्याच पायाजवळ दिसू शकते. असं आजही होतं, सडे फार मोठे आहेत. तिला हात लावू नका, भोवती दगड मांडून खूण करू नका. शेजारी टेप ठेवून दोन-तीन फोटो काढा, फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, आणि आधी गावच्या पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीत सांगा, मग रत्नागिरीच्या पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयाला कळवा. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकायची घाई करू नका. उक्षीला गावकऱ्यांनी हत्तीभोवती जांभ्याचा कठडा बांधून चित्र सांभाळलं, ते त्यांना आधी कळलं म्हणून जमलं.